माठ वाजवून घ्यावा

माझ्या लहानपणी उन्हाळा तोंडावर आला की आजीबरोबर माठ आणावयाला जाण्याचा मान माझ्याकडे असे. आजी एकेक माठ उचलून डाव्या हातावर तोलून धरी आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारी. खणखणीत नाद आला तर माठ पक्का. भद्द आवाज आला तर त्यात कोठे तरी केसाएवढी चीर आहे असे समजावयाचे. कुंभार हे सारे समोर बसून पाहत असे, आणि त्याला त्यात यत्किंचितही अपमान वाटत नसे. उलट एखादे वेळी तोच म्हणे, "आजी, तो राहू द्या, हा वाजवून बघा." परीक्षा झाली ती दोघांच्या देखत झाली. मग घरी आणलेला माठ फुटलाच, तर आजी कुंभाराला बोल लावीत नसे आणि कुंभारही आजीला हसत नसे.

आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती अशी वाजवून घेता येत नाही. ती वस्तू म्हणजे लॅपटॉप. आणि त्यातही त्याचा पडदा. आपल्या घरांतून हे यंत्र आता पाटी-पेन्सिलीच्या जागी येऊन बसले आहे. ते टिचकी मारून पारखता येत नाही म्हणून त्याच्याबरोबर आपल्याला एक हमीपत्र मिळते. वर्षभरात काही बिघडले तर कंपनी ते दुरुस्त करून देईल असे त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. काय बिघडले तर करून देणार नाही, ते लहान अक्षरांत असते.

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. नोकरीच्या निमित्ताने आम्ही तेव्हा भोपाळला होतो. माझी मुलगी एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपला नऊ महिने झाले होते. एके दिवशी सकाळी तिने तो उघडला, आणि पडद्याच्या खालच्या कडेपासून कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा वर गेलेला दिसला. उजवीकडचा निम्मा भाग शाईची दौत सांडावी तसा काळा झाला होता. आठ दिवसांवर तिचा प्रबंध सादर करावयाचा होता. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मी काही म्हणजे काही केलं नाही."

आम्ही तो सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. तेथील तरुणाने तो दोनदा उलटासुलटा करून पाहिला, आणि दोन मिनिटांच्या आत जॉबशीटवर इंग्रजीत तीन अक्षरे लिहिली : सी. आय. डी. मी दचकलोच. सरकारी नोकराला ही अक्षरे फार जवळची नसली तरी अगदी अपरिचितही नसतात. तेव्हा त्याने खुलासा केला की, या धंद्यात त्यांचा अर्थ 'कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज', म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेले नुकसान, असा होतो. असे नुकसान हमीत बसत नाही. नव्या पडद्याचे अकरा हजार रुपये पडतील.

पैशांचे मला वाईट वाटलेच. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. घरी आल्यावर मी मुलीला एकीकडे बोलावून विचारले, "खरं सांग, पडला होता का?" ती काही वेळ माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमचा माझ्यापेक्षा त्या कागदावर जास्त विश्वास आहे का, बाबा?" पुढे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. कोणा अनोळखी तरुणाने दोन मिनिटांत लिहिलेली तीन अक्षरे माझ्या घरात येऊन बसली होती.

तेव्हा मी थोडे वाचन केले. बहुतेक लॅपटॉपांचा पडदा म्हणजे काचेच्या दोन पातळ तावांमध्ये कोंडलेला द्रवस्फटिकांचा थर असतो. हे अजब द्रव्य १८८८ साली फ्रीडरिश रायनित्सर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रथम लक्षात आले. द्रवासारखे वाहणारे आणि तरी स्फटिकासारखी रचना सांभाळणारे. हा थर मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका पातळ असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची काच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी जाडीची. यंत्र हलके आणि सडपातळ हवे हा आपलाच आग्रह. तो पुरवता पुरवता झाकण आणि कळफलक यांमधील अंतर इतके थोडे राहिले, की कॅमेऱ्यावर झाकणी लावून लॅपटॉप मिटू नका असे २०२० साली ॲपल कंपनीला आपल्या ग्राहकांना सांगावे लागले.

काचेचा स्वभावही ध्यानात घेण्याजोगा आहे. ती दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. १९२१ साली ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिले की, काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म ओरखडे असतात, त्यांच्या टोकाशी सारा ताण एकवटतो आणि म्हणून काच अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी बळाने तडकते. शिवाय असा ओरखडा हवेतील ओलाव्याने हळूहळू पुढे सरकू शकतो. म्हणजे आघात एका वेळी आणि तडा दुसऱ्या वेळी असे होऊ शकते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडणे, बिजागरी घट्ट होऊन पडद्याची कड पिळली जाणे, पिशवीत पोळीचा डबा त्याला रेटून बसणे, यांपैकी कशाचाही आवाज होत नाही आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. "मी काहीच केलं नाही" असे सांगणारी मुलगी आणि "काच आपोआप फुटत नाही" असे सांगणारा तंत्रज्ञ, दोघेही प्रामाणिक असू शकतात. मग भांडण कशाचे? खरे म्हणजे शेरा कोणी, काय पाहून आणि कोणासमक्ष लिहिला याचे.

येथे मला माझ्या नोकरीच्या आरंभीचा एक प्रसंग आठवला. तेव्हा वाहतुकीत मोडलेल्या मालाचे दावे माझ्या टेबलावर येत. एकदा फिरोजाबादहून आलेल्या काचेच्या बांगड्यांच्या पेटीचा दावा आला. पेटीतल्या बांगड्या निम्म्याहून अधिक फुटलेल्या. मी कागद वाचले आणि शेरा मारला : 'वेष्टन सदोष. दावा अमान्य.' आमचे वृद्ध हेडक्लार्क फाइल घेऊन पुन्हा माझ्यासमोर उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, पेटी पाहिलीत का?" मी पाहिली नव्हती. व्यापाऱ्याला बोलावून त्याच्यासमक्ष पेटी उघडली, तेव्हा आतील पेंढा व्यवस्थित होता आणि एका बाजूची फळी मात्र आत दबलेली होती. मी शेरा खोडून नवा लिहिला. हेडक्लार्क काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणूनच ते माझ्या कायमचे लक्षात राहिले.

वाहतुकीच्या व्यवहारात 'ओपन डिलिव्हरी' नावाची एक जुनी आणि शहाणी पद्धत आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात ती कायद्यानेच सांगितली आहे. माल मोडलेल्या स्थितीत आला आणि घेणाऱ्याने मागणी केली, तर तो उघडून ताब्यात दिला पाहिजे. आमच्या महसूल खात्यातील मित्रांचा पंचनामाही याच जातीचा. गारपिटीने पीक गेले की ते शेतावर जाऊन, चार माणसांसमक्ष पाहावयाचे आणि मग लिहावयाचे. सरकारी कामाला नावे ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. पण पाहिल्याशिवाय लिहू नये आणि ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून पाहू नये, हे दोन नियम तरी त्या कामात पूर्वीपासून आहेत.

मी सर्व्हिस सेंटरला एक पानी पत्र लिहिले. त्यात रागाचा शब्द नव्हता. तीनच गोष्टी मागितल्या : पडदा आमच्यासमक्ष उघडावा, तडा कोठून सुरू झाला ते दाखवावे, आणि शेऱ्यामागील कारण छायाचित्रासह लेखी द्यावे. तिसऱ्या दिवशी बोलावणे आले. या वेळी एक वडीलधारे तंत्रज्ञ होते. त्यांनी स्वच्छ कापडावर यंत्र ठेवले, भोवतीची चौकट हलक्या हाताने सोडवली आणि भिंग मुलीच्या हाती दिले. तड्याच्या सगळ्या रेषा खालच्या कडेवरील एका बिंदूपाशी एकत्र येत होत्या. बिजागऱ्या ठीक होत्या, कोपऱ्यांवर पडल्याची खूण नव्हती. मग त्यांनी झाकण अर्धवट मिटून त्या बिंदूसमोरची जागा दाखवली. कळफलकाच्या कडेला सुईसारखी एक बारीक रेघ उमटलेली होती, आणि रेघेच्या टोकाला मोहरीएवढा गोल ठसा.

"येथे एखादी टाचणी राहिली होती का?" त्यांनी विचारले.

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. आदल्या रात्री त्याच लॅपटॉपवर मी माझे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले होते. कागदांच्या टाचण्या काढून ठेवल्या होत्या, आणि झाकण मीच मिटले होते. न्यायालयात टिकेल असा हा पुरावा नव्हे. पण माझ्यापुरता तो पुरेसा होता. मी अकरा हजार रुपये भरले, आणि खरे सांगतो, भरताना हात जड झाला नाही. परतताना मी मुलीची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, "तुम्हीपण माझ्या नावावर शेरा मारला होतात, बाबा. आता तो खोडा म्हणजे झालं."

यावर कोणी म्हणेल, मग पहिल्या तरुणाचे तरी काय चुकले? ग्राहकाच्या हातून नुकसान झाले हे त्याचे म्हणणे शेवटी खरेच ठरले. माझे म्हणणे असे, की ते खरे ठरले ते योगायोगाने. त्याने पडदा उघडला नव्हता, बिंदू शोधला नव्हता, आम्हांला काही विचारले नव्हते. त्याच दोन मिनिटांत त्याने सैल बिजागरीने तडकलेल्या दुसऱ्या एखाद्या पडद्यावरही हीच तीन अक्षरे लिहिली असती, आणि तेथे ती असत्य ठरली असती. न पाहता दिलेला निर्णय बरोबर निघाला तरी तो न्याय नव्हे. आणि समोर बसवून दाखवलेला निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी तो मनाला झोंबत नाही.

म्हणून ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी संकोच करू नये. यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. जॉबशीट वाचल्याविना तिच्यावर सही करू नये. शेरा मान्य नसेल तर सहीच्या वर 'अमान्य' असे लिहावे. तोंडी वाद न घालता लेखी मागणी करावी आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

त्यापुढचा मार्गही आज पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ साली झाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम जुलै २०२० पासून अमलात आहे. आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे आता तक्रार करता येते; दुकान किंवा कंपनी दुसऱ्या प्रांतात असली तरी अडत नाही. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही केवढी सोय! वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत झाली पाहिजे. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च प्रथम तक्रारदाराला भरावा लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

परंतु हे सारे शेवटचे उपाय झाले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते अलीकडचे, काउंटरच्या अल्याड-पल्याडचे वागणे. दुरुस्ती करणाऱ्याने पडदा उघडून दाखवला तर त्याची दहा मिनिटे जातील. पण त्या दहा मिनिटांत कित्येकांची वर्षादोन वर्षांची वणवण वाचेल. आणि ग्राहकानेही भिंगातून जे दिसेल ते मान्य करण्याची तयारी ठेवूनच तेथे जावे.

आमच्या घरी आता एक नियम झाला आहे. लॅपटॉप मिटण्यापूर्वी कळफलकावरून एकदा तळहात फिरवावयाचा. मुलगी परगावी नोकरीला गेली आहे. तो नियम पाळणारा आता मी एकटाच उरलो आहे. तळहात फिरवताना मला आजीची टिचकी आठवते, आणि समोर शांतपणे बसून ती ऐकणारा तो कुंभारही आठवतो.