मुलांना रान दाखवा, पण डोळस होऊन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंतांचा सत्कार, वधूवरांचा परिचय आणि हिशेबाचे वाचन हे आपल्या मेळाव्याचे नित्याचे विषय होत. आज आम्हांस ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे, तो त्यांच्या पंक्तीत बसणारा नाही. लहान मुलांस शेतशिवारात, नदीकाठी आणि रानात कसे न्यावे, आणि नेताना त्यांच्या जिवास कसे जपावे, हा तो विषय होय.

आपल्या तेल्हाऱ्याच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. वान नदी डोंगर सोडून मैदानात उतरते ती वारी भैरवगडापाशी, आपल्याच तालुक्यात. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पसरलेला आहे. एका बाजूस गोड्या पाण्याचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस खारट विहिरी, असा निसर्गाचा धडा घराच्या दोन्ही अंगांस उघडा पडलेला असताना आपली मुले मात्र खोलीत बसून पडद्यावर आफ्रिकेचे सिंह पाहतात. त्यांस हिवर कोणता आणि बाभूळ कोणती, हे सांगता येत नाही. यात दोष मुलांचा नव्हे.

आईबापांस विचारावे तर उत्तर ठरलेले असते: बाहेर साप आहेत, विंचू आहेत, बिनकठड्याच्या विहिरी आहेत, ऊन आहे. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दाराला कडी लावल्याने संकट टळत नाही, ते केवळ पुढे ढकलले जाते. आज कोंडलेला मुलगा चार वर्षांनी सवंगड्यांबरोबर घरी न सांगता धरणावर पोहावयास जातो. त्या वेळी त्याच्याजवळ ना पाण्याची ओळख असते, ना सोबत जाणते माणूस. संकटाची ओळख वडीलधाऱ्यांच्या देखत करून देणे, हेच खरे रक्षण होय.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. विवाहानंतर काही काळ आपल्या अमरावतीस वास्तव्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यास आरंभ केला. पुढे 1945 पासून बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी बालकांसाठी शाळा चालविल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, ही त्यांची कुरणशाळेची कल्पना होती. पाने, बिया, शंख, खडे ही त्यांची शिक्षणसाधने. आपल्या मुलांस तर शाळा आहे. उणे आहे ते कुरण.

आरंभ दूरवर जाऊन करू नये. प्रथम वर्षी परसदार आणि शेताचा बांध पुरे आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतात. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी अंडी घालते. मृगाचा पाऊस पडताच लाल मखमली किडे मातीतून वर येतात. दुसऱ्या टप्प्यात वानेचा काठ दाखवावा. तिसऱ्या टप्प्यात वनखात्याच्या नियमांनुसार नरनाळ्याचा किल्ला आणि भोवतीचे रान दाखवावे. देशात 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रथम निवडलेल्या नऊ वनांत आपला मेळघाट होता, हे मुलांस अभिमानाने सांगावे. रानपिंगळ्याची कथाही सांगावी. 1884 नंतर हा पक्षी कोणाच्या निश्चित दृष्टीस पडला नव्हता; तो नामशेष झाला असेच मानले जाई. 1997 साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि पुढे मेळघाटातही आढळला. शोधण्यासारखे अजून पुष्कळ उरले आहे, हे मुलांच्या मनावर ठसविण्यास याहून चांगले उदाहरण नाही.

आता सावधगिरी. सहली मार्गशीर्षापासून माघापर्यंत कराव्या. वऱ्हाडचा उन्हाळा लहानांसाठी नव्हे. चार-पाच मुलांमागे एक जाणता माणूस असावा. एकाने पुढे चालावे, एकाने शेवटी. दर थांब्यावर शिरगणती करावी. मुलांस पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद पादत्राणे घालावी. चुकामूक झाल्यास जागेवरून हलू नये आणि गळ्यातील शिटी वाजवावी, हे घरीच शिकवून ठेवावे. दगडाखाली व बिळात हात घालू नये. ओळख पटल्यावाचून काहीही तोंडात टाकू नये; गुंजेचे सुंदर बी, धोतरा आणि कण्हेर ही विषारी आहेत, आणि रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. आग्यामोहळाखाली धूर, गोंगाट किंवा दगडफेक करू नये. आभाळ गरजू लागल्यास एकट्या झाडाखाली उभे राहू नये. धरणाच्या खालच्या पात्रात मुलांस उतरवू नये, कारण वरून पाणी केव्हा सुटेल याचा नेम नसतो.

शेताविषयी दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. ज्या शेतात नुकतीच फवारणी झाली आहे, तेथे मुलांस नेऊ नये, आणि औषधाच्या रिकाम्या डब्यांस हात लावू देऊ नये. तसेच रानडुकरांसाठी कोठे कोठे कुंपणात वीज सोडतात. म्हणून मालकास विचारल्यावाचून कोणत्याही तारेस शिवू नये.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. दंश झालाच तर जखम चिरू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. बांगडी वा अंगठी काढावी, मुलास चालू न देता उचलून न्यावे, दंशाचा अवयव हलू देऊ नये आणि 108 क्रमांकास फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने शासकीय रुग्णालय गाठावे. त्यावरील लस तेथेच मिळते. मांत्रिकाच्या दारात गेलेला प्रत्येक क्षण वाया गेला असे समजावे. विंचवाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध करून असंख्य बालकांचे प्राण वाचविले. परंतु ते औषध वैद्यांच्याच हातून मिळावयाचे आहे, घरच्या डबीतून नव्हे.

अखेरीस एक गोष्ट, जी कदाचित कोणास रुचणार नाही. रानाचे खरे जाणकार आपल्या ज्ञातीत फारसे उरलेले नाहीत. ते आहेत सातपुड्यातील कोरकू बांधव, गावचे गुराखी, आणि आपल्याच शेतावर राबणाऱ्या वृद्ध मजूर स्त्रिया. कोणती वाट निसरडी, कोणते फळ खाण्याजोगे, कोणता पक्षी केव्हा ओरडतो, हे त्यांस ठाऊक आहे. त्यांस वाटाड्या म्हणून मागे न ठेवता गुरू म्हणून पुढे चालवावे आणि उचित मानधन द्यावे. झाडाचे नाव कोणाच्या तोंडून शिकलो, हे मूल विसरत नाही. ज्ञान कोणत्या घरी आहे, हे त्या वयात कळले, तर मोठेपणी त्याची मान अकारण ताठ होणार नाही. मुलींस घरी ठेवून केवळ मुलांस न्यावे, असेही होऊ नये.

म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हारतुऱ्यांच्या खर्चातून थोडी रक्कम काढून बालकांच्या एका सहलीची तरतूद करावी. सोबत प्रथमोपचाराची पेटी, पुरेसे पाणी, पालकांची संमती आणि चार जबाबदार माणसांची नावे असावी. सहल वारीपर्यंतच गेली तरी चालेल. हा ठराव आजच मांडला जावा.