खारे पाणी गोडे करताना

समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी कोणती पद्धत निवडावी, याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात मिळत नाही. ते किनाऱ्यावर जाऊन शोधावे लागते. लक्षद्वीपमधील कवरत्ती आणि चेन्नईजवळील मिंजूर येथील प्रकल्प पाहिले म्हणजे हे ध्यानात येते.

कवरत्ती हे प्रवाळाचे बेट. तेथे नदी नाही. पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. उपसा वाढला की विहिरी खारटतात. बेटाचा किनारा मात्र एकदम खोल उतरतो. पृष्ठभागावरील पाणी 28 अंश सेल्सिअसच्या आसपास, तर सुमारे 350 मीटर खोलीवरचे 12-13 अंश. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने या फरकाचाच उपयोग केला. बंद टाकीतील दाब पुरेसा उतरविला की वरचे पाणी विस्तवाशिवाय वाफाळते, आणि खोल पाण्याच्या गारव्याने ती वाफ गोडे पाणी होऊन निथळते. 2005 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दररोज 1 लाख लिटर होती.

हीच पद्धत चेन्नईस का नको? तेथील समुद्रतळ दूरवर उथळ आहे. 2007 मध्ये प्रयोगापुरते थंड पाणी मिळविण्यासाठी यंत्रसामग्रीचा तराफा सुमारे 40 किलोमीटर आत न्यावा लागला होता. म्हणून 2010 मध्ये मिंजूर येथे व्यस्त परासरणाची पद्धत आली : वातावरणाच्या सुमारे साठपट दाबाने पाणी सूक्ष्म पापुद्र्यातून ढकलावयाचे. अशा प्रकल्पांत हजार लिटरमागे साधारणतः 3 ते 4 युनिट वीज लागते. पापुद्र्याचे आयुष्य ठरते ते आधीच्या गाळणीवर. गाळ व शेवाळ तेथेच अडले पाहिजे. काटकसरीची कात्री प्रथम या गाळणीवरच चालविण्याचा मोह होतो आणि तो महागात पडतो.

मिंजूरला 10 कोटी लिटर गोड्या पाण्यासाठी सुमारे 23 कोटी 70 लाख लिटर समुद्रजल घ्यावे लागते. उरलेले, जवळजवळ पावणेदोनपट खारट पाणी पुन्हा समुद्रातच जाते. ते कोठे आणि कसे सोडावयाचे, हा मच्छीमारांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. विदर्भातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यास मात्र हे गणित लावू नये; तेथील विहिरींचे पाणी समुद्राहून पुष्कळच कमी खारट असल्याने दाब व वीजही कमी पुरते.

कवरत्तीची पद्धत 2011 मध्ये मिनिकॉय व अगत्ती बेटांवरही गेली. रसायने आणि पापुद्रे जहाजाने मागविण्याची गरज राहिली नाही. पाणी उपसणाऱ्या पंपांची वीज मात्र मुख्यतः डिझेलवरचीच होती, आणि ते डिझेल जहाजानेच येत होते.