वाऱ्याचा पंचनामा

(श्रीरामपूर येथे जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



दुष्काळावर आपण इतक्या वेळा बोललो आहोत, की आमचे दुष्काळाचे भाषण आता तुम्हीच आम्हाला पाठ म्हणून दाखवाल. वाऱ्यावर मात्र आपल्या बैठकीत कुणी बोलत नाही. दुष्काळ पिकाला चार महिने झुरवून मारतो. वारा तेच काम वीस मिनिटांत उरकतो. दुष्काळाची आणेवारी निघते, मोर्चा निघतो, विधानसभेत प्रश्न निघतो. वाऱ्याने झोपवलेल्या ज्वारीसाठी काय निघते? शेजारचा बांधावर येतो, 'फारच झालं बुवा' म्हणतो आणि आपल्या वावरात निघून जातो. म्हणून आज वाऱ्याचा हिशेब मांडायचा.

वारा दोन जातींचा

एक वारा समुद्रातून येतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर होता. रायगड आणि रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या दोन-तीन तासांत झोपल्या. तेथून ते पुणे, नगर, नाशिकच्या बाजूने ईशान्येला सरकत विरत गेले. हा वारा सांगून येतो. त्याचे नाव आधी ठरते, तो कुठे धडकणार हे दोन-तीन दिवस अगोदर कळते, मंत्र्यांच्या बैठका होतात.

दुसरा वारा आपला. वळवाचा. एप्रिल-मे मध्ये जमीन तापते, दुपारून ढग उभा वाढतो, आणि त्या ढगातली थंड हवा पावसाबरोबर धाडकन खाली पडते. जमिनीवर आपटून ती चहूकडे पसरते. धुळीची भिंत चालत आलेली आपण बघतो ती हीच. मागून थेंब, कधी गारा, वर विजा. सगळा खेळ अर्ध्या तासाचा. याला नाव नसते. इशारा मिळाला तर दोन-तीन तास अगोदर मिळतो, आणि तोही ज्याच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलला रेंज आहे त्यालाच.

हा वारा गावभर सारखा येत नाही, पट्ट्याने येतो. ओढ्याच्या अलीकडची ज्वारी लोळते, पलीकडची उभी राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे विम्याचा हिशेब करताना तिची गरज लागेल.

पत्रा का उडतो?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा रेटा देतो. ताशी ८० चा वारा तीस किलोचा. आपला दहा फुटी पत्रा तीन फूट रुंद धरला, तर त्याच्यावर ऐंशी किलोच्या वर जोर आला. वारा उघड्या दारातून आत शिरून पत्र्याला खालून उचलतो आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो. आपण पत्र्यावर पाच-सात किलोचे दगड ठेवतो. त्या दगडांनी पत्रा राहत नाही. पत्रा जातो आणि दगड खाली झोपलेल्या लेकराच्या अंगावर येतो.

यावरचा उपाय महाग नाही. जे-हूक आणि वायसर घालून पत्रा आढ्याला आवळायचा. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना हूक दाट लावायचे, कारण उडायला सुरुवात तिथून होते. आढे भिंतीवर नुसते टेकवायचे नाही, तारेने खाली बांधायचे. वारा सुटला की वाऱ्याकडची दारे-खिडक्या आधी लावायच्या. अक्षय्य तृतीयेच्या आत प्रत्येक घराने आपला पत्रा एकदा हलवून बघितला, तर निम्मे काम झाले.

दुसरी गोष्ट झाडाची. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी वादळी पावसात माणसे मंदिराच्या पत्र्याच्या शेडखाली थांबली होती. शेडवर मोठे झाड कोसळले आणि ७ माणसे गेली. तिथे कुणी वेडेपणा केला नव्हता. पाऊस आला, आडोसा दिसला, माणसे आडोशाला गेली. आपणही तेच केले असते. म्हणूनच वारा येण्याआधी गावाने ठरवलेले असले पाहिजे, की आडोसा कोणता. जुन्या झाडाखालची शेड हा आडोसा नाही. वीज चमकत असताना एकटे झाड हाही आडोसा नाही. शाळेची पक्की खोली हा आडोसा आहे, पण तिची किल्ली कुणाकडे? मे महिन्यात गुरुजी गावी गेलेले असतात. किल्ली गावात राहिली पाहिजे, आणि कुणाकडे आहे हे लहान पोरालाही माहीत पाहिजे.

ओडिशाने काय केले?

ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ ला 'फायलिन' आले, तेही अतितीव्र. या वेळी बळी पन्नासच्या आत राहिले. मधल्या चौदा वर्षांत वाऱ्याला काही दया आली नव्हती. किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले गेले, गावागावात पोरे तयार झाली, कोणत्या म्हातारीला कोणी उचलून न्यायचे हे ठरले, आणि सुमारे दहा लाख माणसे वेळेवर हलवली गेली. गरीब राज्य, गरीब माणसे. पण तयारी होती. आपल्याला दहा लाख माणसे हलवायची नाहीत. एका वस्तीवरची चार घरे पक्क्या खोलीत न्यायची आहेत. एवढे गावाला जमते.

आणि गाव हे करतेही. निसर्ग वादळ टाळेबंदीच्या दिवसांत आले. वाटा झाडांनी बंद, खांब आडवे, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नाही. पहिली करवत गावकऱ्यांनीच चालवली. सरकारची गाडी रस्ता मोकळा झाल्यावर येते. रस्ता मोकळा गाव करते. फक्त तारेला हात लावू नका. खांब पडला की आधी वीज कंपनीला कळवा, पुरवठा बंद असल्याची खात्री करून घ्या, मग झाड तोडा.

पीक का झोपते?

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो ते आता उपयोगाला आणू. वाऱ्याने ज्वारी पडते हे अर्धे खरे. रब्बी ज्वारीला दाणे भरताना ओल कमी पडली की खोडात खडखड्या शिरतो. ताट आतून पोकळ होते, आणि मग साध्या वाऱ्यानेही वावर आडवे होते. म्हणजे वाऱ्याची तयारी ओल धरण्यापासून सुरू होते. उन्हाळी नांगरट, सारे पाडून पाणी मुरवणे, तीन कोळपण्या, ताटांची गर्दी न करणे. जमीन बघून वाण घ्या. राहुरीच्या विद्यापीठाने हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा असे वाण दिले आहेत. उंच मालदांडीचा कडबा गोड, पण हलक्या रानात ती उंचीच तिला नडते.

पडलेल्या ज्वारीचे काय? पोटरीच्या आधी पडली असेल तर हात लावू नका, ती कांड्यातून वळून पुन्हा उठते. दाणा टणक झाला असेल तर वाट बघू नका, काढून घ्या. मातीला टेकलेले कणीस पाऊस लागला की काळे पडते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत राज्यात काढणीला आलेल्या ज्वारीचे हेच झाले.

कपाशी परतीच्या वाऱ्यात कलते, मुळे हलतात, पाते-बोंडे गळतात. पाणी साचले असेल तर आधी चर काढा. वाफसा आला की झाड उभे करून बुंध्याशी माती पायाने दाबा आणि भर द्या. फुटलेला कापूस भिजला असेल तर तो वेगळा वेचा. चांगल्यात मिसळला की व्यापारी सगळ्यालाच कवडीचा भाव लावतो.

बांधावर पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला झाडांची ओळ असावी. तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर मोडतो. ओळ भिंतीसारखी गच्च नको. वारा गाळून सोडणारी हवी. निंब, करंज, गिरिपुष्प चालतात. सावलीवरून भाऊबंदकी होते हे आम्हाला माहीत आहे. पण दोन तासांची सावली आणि लोळलेले वावर यांतले महाग कोणते, हे दोघा भावांनी एकत्र बसून ठरवावे.

कागदावर वारा नाही

आता मुख्य गोष्ट. केंद्राच्या आपत्तीच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. वळवाच्या वाऱ्याला तिथे नाव नाही. वीज पडणे आणि अवेळी पाऊस राज्याने आपल्या यादीत घेतले आहेत. तेव्हा पंचनाम्यात नुसते 'वाऱ्याने नुकसान' एवढेच लिहिले गेले तर कागद अडतो. पाऊस झाला असेल, गारा पडल्या असतील, तर ते तारखेसह आणि वेळेसह लिहून घ्या. खोटे एक अक्षर नको, पण खरे एक अक्षर सुटायलाही नको.

मदतीचे दर बघा. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेला दर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी ३,४००. तोही ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर. त्यात कडबा धरलेला नाही. ज्वारीचा निम्मा पैसा कडब्याचा, हे ज्याने एक बैल पोसला त्याला कळते. दर ठरवणाऱ्याला कळत नाही. भिजून काळी पडलेली गंजी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

विम्याचा हिशेब याहून वाईट. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीककापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. स्थानिक आपत्तीचे वेगळे पंचनामे योजनेतून गेले. ते होते तेव्हाही त्या यादीत गारपीट होती, ढगफुटी होती, शेतात पाणी साचणे होते. नुसता वारा नव्हताच. आता हिशेब करा. समजा मंडळात वीस गावे. वाऱ्याच्या पट्ट्यात दोन गावे सापडली आणि पार झोपली. अठरा गावे उभी. मंडळाची सरासरी दहा टक्क्यांनी उतरली. भरपाईला ती मागच्या वर्षांच्या सरासरीच्या सत्तर टक्क्यांखाली जावी लागते. इथे ती नव्वद राहिली. दोन गावांच्या हाती शून्य. वारा पट्ट्याने येतो आणि विमा मंडळाने मोजतो. यात कुणी चोरी केली असे म्हणायची गरज नाही. मापच असे आहे की आपले नुकसान त्यात मावत नाही.

माप बदलता येत नाही असे कुणी म्हणेल. फळपीक विम्यात केळीला वेगाच्या वाऱ्याचे संरक्षण आहे. ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा गेला की केळीवाला दावा करू शकतो. वारा मोजणारी महावेधची यंत्रे महसूल मंडळात बसलेली आहेत. केळीचा खांब मोडतो तो वारा, आणि ज्वारीचे ताट मोडते ती हवा, असे आहे काय? निसर्ग वादळानंतर कोकणात हीच अडचण आली. वाड्या गुंठ्यांच्या आणि मदत हेक्टरी. हातात काही पडेना. लोकांनी ओरड केली आणि झाडाप्रमाणे मदत देण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. म्हणजे माप बदलते, मागणारा पाहिजे.

आणखी एका माणसाचा हिशेब राहतो. आपण श्रीरामपुरात बसलो आहोत. या प्रवरेच्या पट्ट्यात दर हंगामात पाथर्डी, शेवगाव, बीडकडचे आपलेच कोरडवाहू भाऊ ऊस तोडायला येतात आणि पाचटाच्या कोपीत राहतात. वारा आला की पहिली कोपी जाते. पीठ भिजते, सरपण भिजते, रात्र लेकरे पोटाशी धरून बैलगाडीखाली काढावी लागते. त्यांचे नाव या गावच्या यादीत नाही, आणि आपल्या गावी ते हजर नाहीत. पंचनामा करायचा कुठे? बागायतदार भावांना आमची विनंती आहे, की तुमच्या ऊस तोडणाऱ्याच्या कोपीचे नुकसान तुमच्या गावच्या कागदावर चढवा.

उद्यापासून काय?

एक. प्रत्येक गावात वाऱ्याची वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटे, कोणत्या दिशेने, कोणते गट क्रमांक, काय पडले. दुसऱ्याच दिवशी फोटो काढा.

दोन. पंचनामा झाला की तो ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा. राहिलेली नावे तिथेच सांगा.

तीन. शाळेची किल्ली, करवत, दोर आणि चार तरुण पोरे मे महिन्याआधी ठरवा. वस्त्यांवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावे त्यांच्याकडे द्या.

चार. तहसीलवर एकच मागणी न्या: मंडळातल्या यंत्राची वाऱ्याची नोंद आम्हाला द्या, आणि ज्वारी-कापसाच्या विम्यात वाऱ्याला जागा द्या. नुकसान गावाच्या पट्ट्यावर मोजा, आणि कडबा धरून मोजा.

पुढच्या जिल्हा बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. प्रत्येक गावाने आपली वही आणावी. शंभर गावांच्या वह्या एका टेबलावर ठेवल्या, की वाऱ्याला नाव नाही असे सांगायची कुणाची छाती होते, ते आपण बघू.