पत्र्याआडचा गंज

नाशिकमध्ये कुणाच्या अंगणात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असेल, तर रंगकामाआधी तिचा पत्रा तपासा. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला वेगळी चॅसी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून दाराखालचे उंबरठे कुजले, की गाडीचा कणाच कमजोर होतो.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात चिखल चाकांच्या कमानीत साचतो, ओल धरतो. दारांच्या तळाची भोकं बुजली, की पाणी आतच राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगा दिसेपर्यंत पत्रा बहुधा चाळण झालेला असतो! पायाखालची मॅटिंग आणि डिकीतली स्टेपनी काढून बघा. लोहचुंबक फिरवा; तो चिकटत नाही तिथे पुट्टीचा जाड थर समजा.

गंजावर पुट्टी मारणं ही निव्वळ फसवणूक. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करावा, वर झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर आणि पोकळीत मेणाचा फवारा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर आणि पेट्रोलची टाकी काढायला मात्र विसरू नका.