कॅन्ससमधील गवताचें रान

अमेरिकेच्या प्रवासाची गोष्ट निघाली म्हणजे नायगाराचा धबधबा, ग्रँड कॅन्यनची दरी आणि न्यूयॉर्कचे गगनचुंबी मनोरे यांचीं नांवें ओळीनें येतात. कॅन्ससचें नांव त्यांत सहसा येत नाहीं. खुद्द अमेरिकन प्रवासीहि हें राज्य मोटारीनें भरधांव ओलांडून पश्चिमेकडील पहाड गांठतो. वाटेंत पाहावयाचें काय, असें त्याला वाटतें. फ्लिंट हिल्स नांवाच्या टेकड्यांत गाडी थांबवून जो पायउतार होतो, त्याला याचें उत्तर मिळतें. मात्र त्यासाठीं निदान एक अख्खा दिवस मोडावा लागतो.

या प्रदेशाला फ्रेंच लोकांनीं 'प्रेअरी' म्हणजे कुरण असें नांव दिलें. कुरण म्हटलें कीं महाराष्ट्रांतील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें गुडघाभर गवत उभें राहील. येथील 'बिग ब्लूस्टेम' जातीचें गवत पावसानें साथ दिलेल्या वर्षीं सप्टेंबरपर्यंत सहा ते आठ फूट वाढतें, आणि त्याचीं मुळें जमिनींत त्याहूनहि खोल उतरलेलीं असतात. हजारों वर्षें अशीं मुळें कुजून काळी कसदार माती तयार झाली, आणि तीच अखेर गवताच्या मुळावर आली. १८३७ सालीं इलिनॉय राज्यांत जॉन डिअर या लोहारानें पोलादी नांगर बनविला; प्रेअरीची चिकट माती त्याच्या फाळाला धरून राहत नसे. पुढें कांहीं दशकांतच रानें मोडलीं आणि तेथें मका उभा राहिला. उत्तर अमेरिकेंत उंच गवताची प्रेअरी एके काळीं सुमारें १७ कोटि एकर होती. आज शेंकडा ४ सुद्धां उरलेली नाहीं. उरली ती बहुतेक फ्लिंट हिल्समध्यें, आणि तीहि कोणाच्या दूरदृष्टीमुळें नव्हे. येथें थोड्याशा मातीखालीं चुनखडी व चकमकीचा दगड लागतो. नांगर चालेना, म्हणून लोकांनीं गुरें चारलीं.

१९९६ सालीं स्ट्राँग सिटी या गांवाजवळ सुमारें ११,००० एकरांचें राष्ट्रीय राखीव कुरण स्थापन झालें. १८८१ मधील एक दगडी घर आणि तीन मजली कोठार तेथें अजून शाबूत आहे. त्यांच्या मागून पायवाटा निघतात; त्या सर्व मिळून चाळीस मैलांहून अधिक भरतात. २००९ सालीं या कुरणांत गवे, म्हणजे अमेरिकन बायसन, पुन्हां आणून सोडले. एक पायवाट त्यांच्या चराईंतूनच जाते. हें जनावर दिसावयास सुस्त, पण तें ताशीं तीस मैलांच्या वेगानें धांवूं शकतें. तेव्हां शंभर यार्डांच्या आंत जाण्याचें धाडस करूं नये. सावली जवळजवळ नाहींच. पाणी बरोबर घ्यावें. मुक्काम मात्र कुरणांत करतां येत नाहीं, त्यासाठीं शेजारचीं गांवें आहेत.

टेकडीच्या माथ्यावर पोंचल्यावर चहूंकडे गवत आणि आभाळ यांवांचून कांहीं दिसत नाहीं. वारा कधीं पडत नाहीं म्हटलें तरी चालेल. शहराला कंटाळलेल्या माणसाला हा एकांत अमृतासारखा वाटतो, यांत नवल नाहीं. परंतु हा एकांत सर्वस्वीं निसर्गाचा नव्हे. ज्या काँझा किंवा कॉ लोकांवरून राज्याला कॅन्सस हें नांव पडलें, त्यांना १८७३ सालीं येथून हलवून आजच्या ओक्लाहोमांत नेण्यांत आलें. त्यांचें नांव राज्याला राहिलें, जमीन राहिली नाहीं.

गवत राखण्याचें तंत्रहि मूळ रहिवाशांना ठाऊक होतें. तें तंत्र म्हणजे आग. वसंतांत वाळलें गवत पेटविलें नाहीं तर सीडरचीं झाडें रानांत शिरतात आणि कांहीं वर्षांत गवताचें जंगल होऊन बसतें. आजचे पशुपालकहि मार्च-एप्रिलमध्यें टेकड्या पेटवितात, आणि रात्रीं त्या आगीच्या रेषा पाहावयास लोक मुद्दाम येतात. पण धूर दूरच्या शहरांपर्यंत जातो, तेथील लोक कुरकुरतात. शिवाय दरसाल सरसकट जाळल्यास जमिनीवर घरटें करणाऱ्या 'प्रेअरी चिकन' पक्ष्याला आडोसाच राहत नाहीं. म्हणून राखीव कुरणांत आळीपाळीनें तुकडे जाळण्याची पद्धत घातली आहे. पशुपालकाला ती गैरसोयीची वाटते, आणि त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. त्याचें पोट त्या गवतावर आहे. तथापि पक्ष्याची बाजू मांडावयास पक्षी येणार नाहीं.

या पक्ष्याचे नर एप्रिलच्या पहांटे ठराविक उघड्या जागीं जमतात. मानेवरील नारिंगी पिशव्या फुगवून ते पाय आपटीत नाचतात, आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा घुमारा लांबवर ऐकूं येतो. मादी बाजूला उभी राहून निवड करते. हा सोहळा पाहूं इच्छिणाऱ्यानें उजाडण्यापूर्वींच आडोशाला जाऊन बसावें, आणि सूर्य वर येऊन शेवटचा पक्षी उडून जाईपर्यंत जागचें हलूं नये.