अपघाताची पहिली रात्र

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातुरास जाणारा रस्ता ऊसगाळपाच्या हंगामांत रात्रीं जोखमीचा होतो. समजा, उसानें भरलेली एक ट्रॉली नादुरुस्त होऊन वाटेंतच उभी आहे. मागें दिवा नाहीं, रेडियमची पट्टीही नाहीं. मोटारसायकलवरील एक तरुण तिच्यावर आदळतो व मरण पावतो. घरचीं माणसें तेराव्यापर्यंत शोकांत असतात. तोंवर ऊस गाळला जातो, ट्रॉलीस नवा दिवा लागतो, आणि मग प्रतिपक्ष शांतपणें विचारतो, "चूक त्या मुलाचीच कशावरून नव्हे?"

भरपाईच्या दाव्याचें भवितव्य याच प्रश्नावर अवलंबून असतें. दुसऱ्याची हयगय दाखविण्याचा भार सामान्यतः अर्जदारावर असतो. परंतु हा भार फौजदारी खटल्याइतका जड नव्हे. तेथें अपराध निःसंशय सिद्ध व्हावा लागतो; मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें संभाव्यतेचें पारडें अर्जदाराकडे झुकलें म्हणजे पुरतें. म्हणून चालक फौजदारी न्यायालयांत सुटला, एवढ्यानेंच दावा बुडत नाहीं. मृताचीही कांहीं चूक ठरली, तर भरपाई त्या प्रमाणांत कमी होते. नाहींशी होत नाहीं.

पुरावा म्हणजे केवळ डोळ्यांनीं पाहणारा साक्षीदार नव्हे. ट्रॉली रस्त्यावर नेमकी कोठें होती, हें पंचनामा व नकाशा सांगतात. दिवे व ब्रेक यांची स्थिति मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालांत येते. मात्र तपासणी चार दिवसांनीं झाली, तर निरीक्षकास नवा दिवाच दिसेल! त्या रात्रीं कोणी घेतलेलें एक छायाचित्र अशा वेळीं मोलाचें ठरतें.

कांहीं कागद प्रतिपक्षाच्याच पेटींत असतात. त्यासाठीं १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६९ नें न्यायाधिकरणास साक्षीदार बोलाविण्याचे व दस्तऐवज उघड करून हजर करविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. नोंदणीपत्र, विमापत्र, चालकाचा परवाना, इतकेंच काय, कारखान्याची वजनपावतीही मागवितां येते. ट्रॉली कोणाची व किती भरलेली होती, हें ती पावती सांगते. हाताशीं असलेला कागद जो दडवितो, त्याच्याविरुद्ध न्यायाधिकरण अनुमान काढूं शकतें.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें पोलिसांनीं ४८ तासांत पहिला, ५० दिवसांत अंतरिम व ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यावयाचा असतो. त्याच दिवसापासून दावा दाखल करण्यास सहा महिन्यांची मुदत घालण्यांत आली. नियम चांगले आहेत. परंतु पुसलेली खूण कोणत्याही नियमानें परत येत नाहीं.

शोकाकुल आईबापांनीं त्या रात्रीं पुरावा जमवावा, अशी अपेक्षा करणें क्रूरपणाचें होईल. तें काम शेजाऱ्याचें, आप्ताचें, वाटसरूचें आहे. वाहनाचा क्रमांक टिपावा, चार बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, पाहणाऱ्यांचीं नांवें लिहून ठेवावीं. गेलेला जीव त्यानें परत येत नाहीं. मागें राहिलेल्यांच्या पानांतली भाकर मात्र वांचते.