माशी आणि चाळिशी



प्रत्येकाने आपल्या छंदाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, असं निमंत्रणात लिहिलं होतं. माझा छंद ऐकून तुम्ही दचकाल म्हणून आधीच सांगते. मी अमेरिकेत डॅलसजवळ राहते, सॉफ्टवेअरचं काम करते आणि शनिवारी सकाळी रेंजवर जाऊन रिव्हॉल्व्हरने कागदाच्या निशाणावर नेम धरते.

नंदुरबारच्या मुलीने हे सांगायला थोडं धाडस लागतं. बंदूक म्हटलं की आपल्याला ९ सप्टेंबर १९४२ आठवतो. शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांच्या स्मारकापुढे आपण शाळेच्या रांगेत उभे राहिलो आहोत. तो तेव्हा जेमतेम आपल्याच वयाचा होता, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळायचं. एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर पहिल्यांदा रेंजवर गेले, तेव्हा हात कापत होते. माझं निशाण कागदच राहील, एवढं मी त्या दिवशीच स्वतःशी ठरवलं.

आता मुद्द्यावर येते. नळीच्या टोकाला जो छोटा उंचवटा असतो, त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. मागे एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी आणायची, दोघींच्या कडा वर एका रेषेत ठेवायच्या आणि सावकाश चाप दाबायचा. अडचण अशी की खाच, माशी आणि निशाण तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहतो. म्हणून शिकवतात, माशी स्पष्ट ठेवा. निशाण धूसर दिसलं तर दिसू द्या.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी माशीच धूसर झाली. १० मीटरवर पेल्याच्या तोंडाएवढ्या वर्तुळात बसणारे नेम बशीएवढे पसरले. मी इंजिनिअर, त्यामुळे सुटा भाग खराब आहे असं आधी ठरवून टाकलं. काळी माशी काढून फायबर ऑप्टिकची बसवायची!

इथे आपले विज्ञानाचे सर आठवले. बाटलीला भोक पाडून त्यांनी पाण्याची धार सोडली होती, मागून टॉर्च धरला होता आणि उजेड धारेबरोबर वाकून बादलीत उतरला होता. पूर्ण अंतर्गत परावर्तन. याच तत्त्वावर नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. ते काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झालं. माशीत बसवतात तो प्लॅस्टिकचा रंगीत तुकडा असतो. बाजूंनी पडलेला उजेड त्यातला रंग शोषतो, स्वतःच्या रंगाचा उजेड देतो आणि त्यातला बराचसा तंतूत अडकून टोकाला बाहेर पडतो. तिथे चमकणारा ठिपका दिसतो. बॅटरी लागत नाही, पण अंधारात काही उपयोगही नाही.

मी रीतसर तक्ता केला. रंग : दिवसाउजेडी डोळ्याला हिरवा सर्वांत ठळक दिसतो, मिरचीच्या पथारीवरची असूनही मी लाल सोडला. जाडी : दीड मिलिमीटरचा तंतू जास्त उजळ, पण निशाण जास्त झाकतो, एक मिलिमीटरचा नेमका, पण मंद. उंची : गोळी वर लागत असेल तर माशी उंच हवी. माझ्या खाचेपासून माशीपर्यंत २० सेंटिमीटर. १० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर वर लागली, तर माशी १ मिलिमीटरने उंच. समरूप त्रिकोण! बाई, ते आयुष्यात कुठे लागणार, असं मी तुम्हाला विचारलं होतं. माफ करा.

तीन माश्या घेतल्या. दुकानाच्या दिव्यांखाली तिन्ही लखलखत होत्या. रेंजवर मात्र उजेड निशाणावर असतो, आपण उभे असतो सावलीत. तिथे त्या मंदावल्या. शिवाय ठिपका माशीच्या वरच्या कडेखाली असतो. मी नकळत ठिपकाच खाचेच्या कडेशी जुळवू लागले आणि गोळ्या वर जाऊ लागल्या. झटपट नेम धरायचा असेल तर ठिपका कामाचा. सावकाश, नेमक्या नेमाला कडाच हवी. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धांत चमकती माशी चालतच नाही.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, माशी डोळ्यापासून किती लांब? मोजलं, साधारण पाऊण मीटर. ते हसले. म्हणाले, तुमच्या संगणकाच्या चष्म्याचा नंबर जवळजवळ तोच आहे. त्या नंबरचा, न फुटणाऱ्या काचांचा चष्मा करून घेतला. जुनी काळी माशी परत बसवली. कडा लख्ख दिसली.

त्या रात्री आईला फोन केला. तुमच्यापैकी काहींचे फ्रॉक तिने शिवले आहेत. मी आठवीत असताना ती सुई ओवायला मला हाक मारायची आणि मी अभ्यासाचं निमित्त करून उठायची नाही. मग तिने मशीनवर झाकण घातलं ते कायमचं. 'वय झालं' म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

मी म्हटलं, "आई, तुला फक्त चाळिशी हवी होती गं." ती म्हणाली, "मला वाटलं, सुयाच बारीक यायला लागल्या."

मी तीन माश्या बदलल्या. तिला एक चष्मा आम्हाला सुचला नाही.

मघापासून बघते आहे, कार्यक्रमपत्रिका सगळेच हात लांब करून वाचता आहात. छपाई बारीक नाही. घरी गेल्यावर डोळे तपासून घ्या, आणि घरात कोणी आवडीचं काम हळूच बंद केलं असेल, तर एकदा का ते विचारा.